मान कुठे वळली होती

माझी धाकटी बहीण लग्न होऊन इंग्लंडमधील लेस्टरला गेली, त्याला बेचाळीस वर्षे झाली. तिचे सासरे १९७२ मध्ये युगांडातून कुटुंबासह तेथे आले आणि त्यांनी किराणा मालाचे छोटे दुकान काढले. पुढे त्याचा घाऊक व्यापार झाला. या पेढीवर उद्या बसेल असे सर्वांनी ज्याच्याविषयी गृहीत धरले होते, तो माझा भाचा मात्र झाडांवर चढतो. ‘झाडांवर चढतो’ हे बहिणीच्या सासूबाईंचे शब्द. तेथे या व्यवसायाला ट्री सर्जन म्हणतात, म्हणजे झाडांचा शस्त्रवैद्य.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास मी तिच्याकडे महिनाभर राहिलो. बेलग्रेव्ह रोडवरची रोषणाई पाहून झाली, ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील देरासरात दर्शन झाले आणि मग बहिणीने मनातली गोष्ट काढली. “दादा, तू त्याला समजाव. सासूबाई म्हणतात, श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत वनकर्म येते. घरात धान्याचा व्यापार असताना या मुलाने करवत का धरावी?”

मी आयुष्यभर कर्जप्रकरणे तपासलेला माणूस. कागद पाहिल्याशिवाय मत द्यायचे नाही, ही जुनी सवय. म्हणून भाच्याला म्हणालो, “आधी तुझे काम दाखव.” तो हसला. “मामा, तुम्हांला वर नेता येणार नाही, पण वरून काय दिसते ते दाखवतो.”

त्याच्या हेल्मेटवर आगपेटीपेक्षा थोडा मोठा कॅमेरा बसवलेला असतो. हेल्मेटला भोक पाडायचे नाही, कारण त्याने कवच दुबळे होते. म्हणून तो चिकटपट्टीच्या बैठकीवर बसवलेला. ती बैठकही अशी की, कॅमेरा फांदीत अडकला तर सुटून खाली पडावा, मानेला हिसका बसू नये. दिवसभराचे चित्रण तो संध्याकाळी जेवणानंतर लॅपटॉपवर पाहतो. त्या महिन्यात मीही रोज त्याच्याशेजारी बसू लागलो.

पहिल्या संध्याकाळी पाहिले ते एका जुन्या ओकचे काम. करवतीला हात लावण्यापूर्वी जवळजवळ वीस मिनिटे तो नुसता पाहत होता. आधी जमिनीवरून झाडाभोवती फेरी, मग दोरावरून वर जाताना प्रत्येक ढोलीत, सालीच्या प्रत्येक फटीत विजेरीचा झोत. पक्ष्याचे घरटे वापरात असेल तर ते मोडणे १९८१ च्या कायद्याने तेथे गुन्हा आहे. वटवाघळांच्या आश्रयाची जागा तर ती उडून गेलेली असली तरी संरक्षित असते. “म्हणून मार्च ते ऑगस्ट आम्ही फार जपून असतो,” भाचा म्हणाला. “आणि मामा, कितीतरी वेळा मी मालकाला एवढेच सांगतो, की हे झाड तोडू नका, एक फांदी हलकी करू.”

मग त्याने फांदी कशी कापतात ते दाखवले. आधी खोडापासून थोड्या अंतरावर खालून एक काप. मग त्याच्या किंचित पुढे वरून दुसरा, म्हणजे फांदीचे ओझे सुटते आणि खोडाची साल सोलून निघत नाही. उरलेल्या खुंटाला तिसरा काप. पण तोही खोडाला अगदी घासून नव्हे. फांदी खोडाला मिळते तेथे फुगीर वळी असते, तिच्या बाहेरून कापायचे. ॲलेक्स शिगो नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने हजारो झाडे उभी चिरून हे दाखवून दिले. झाडाची जखम आपल्या कातडीसारखी बरी होत नाही. झाड तिच्याभोवती भिंत उभारते आणि बाहेरून नवे लाकूड वाढवते. जखम आतच राहते, आयुष्यभर. शिगो २००६ मध्ये वारले. पण भाचा त्यांचे नाव आपण गुरूचे घ्यावे तसे घेतो.

चौथ्या-पाचव्या दिवशी मला एक गोष्ट जाणवली. या चित्रणात भाचा स्वतः दिसतच नाही. दिसतात त्याचे हात, दोर, करवत आणि खाली दूरवर हिरवळीवर उभा असलेला त्याचा सोबती. मान वळली की चित्र वळते. मी म्हणालो, “हा कॅमेरा तुझे काम टिपत नाही, तुझे लक्ष टिपतो.”

तो जरा वेळ गप्प राहिला. मग त्याने एक जुनी फाइल उघडली.

एका बंगल्याच्या बागेतील बीचचे झाड. मोठी फांदी दोराला बांधून हळूहळू खाली उतरवायची होती. खाली दोर धरणाऱ्या सोबत्याची तयारी आहे का, हे पाहून, त्याचे उत्तर ऐकून मगच शेवटचा काप द्यायचा, हा नियम. करवत सुरू झाली. चित्रात फक्त काप, भुसा आणि साखळी. फांदी करकरली, सुटली, दोरावर झोका घेऊन शेजारच्या काचघरावर आदळली. त्यानंतर प्रथमच चित्र खाली वळले. फुटलेल्या काचांपासून हातभर अंतरावर सोबती उभा होता. दोर पुन्हा बांधून घेण्यासाठी त्याने तो क्षणभर सोडला होता.

“अकरा सेकंद,” भाचा म्हणाला. “करवत सुरू झाल्यापासून फांदी सुटेपर्यंत अकरा सेकंद. त्यात एकदाही मान खाली वळलेली नाही.”

घरमालक त्या दिवशी परगावी होता. जोराचा वारा होता, असे सांगता आले असते. सोबती तरुण होता, दोष त्याच्यावरही गेला असता. भाच्याने संध्याकाळी मालकाला फोन केला, दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन गेला, हेच चित्रण समोर ठेवले आणि काचांचे पैसे भरले. ते चित्रण त्याने पुसलेले नाही. कामावर नवा मुलगा आला की पहिल्या दिवशी त्याला हेच दाखवतो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण बीचच्या झाडाचे नव्हते.

१९९१ साली मी एका तालुक्याच्या शाखेत अधिकारी होतो. एका तेलबिया व्यापाऱ्याचा माल बँकेकडे तारण होता, गोदामाला बँकेचे कुलूप. दरमहा आत जाऊन थप्प्या मोजायच्या, मधली पोती काढवून नमुना पाहायचा आणि अहवालावर सही करायची, हे माझे काम. त्या दिवशी मुसळधार पाऊस होता, शेवटची बस सुटायची वेळ झाली होती. मी दारातून आत चार पावले गेलो, समोरच्या थप्प्या पाहिल्या आणि ‘प्रत्यक्ष तपासणी केली’ असे लिहून सही केली. तीन महिन्यांनी खाते थकले. मागच्या ओळींतील पोत्यांत टरफले निघाली. इतर तारणातून बँकेची वसुली झाली. पण चौकशीत ठपका आला तो किल्ली सांभाळणाऱ्या गोदामपालावर. त्याची एक वेतनवाढ रोखली गेली. माझ्या सहीवर कोणी शंका घेतली नाही आणि मीही तोंड उघडले नाही.

बहिणीला दिलेला शब्द पाळण्यासाठी निघण्याच्या आदल्या दिवशी मी तिच्या सासूबाईंजवळ बसलो. कर्मादानाचा निर्णय देण्याचा माझा अधिकार नाही, तो साधू-साध्वींनी द्यावा. मी इतकेच म्हणालो, “जयणा आपण शब्दाने जाणतो. हा मुलगा रोज संध्याकाळी ती तपासतो. असा हिशेब मी पस्तीस वर्षांच्या नोकरीत कोणाचा पाहिला नाही, माझाही नाही.” त्यांनी उत्तर दिले नाही. पण त्या संध्याकाळी भाचा लॅपटॉप उघडून बसला, तेव्हा त्या चष्मा लावून आमच्यामागे येऊन उभ्या राहिल्या.

परत आल्यावर मी त्या गोदामपालाचा पत्ता शोधला. वय ऐंशीच्या पुढे, ऐकू थोडे कमी येते, मुलाकडे राहतात. चहा झाला. मी कसेबसे सर्व सांगितले. संवत्सरीला आपण शेकडो लोकांना ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणतो. पण ज्याला म्हणायला हवे होते, त्याच्यासमोर बसून ते शब्द उच्चारायला मला तेहतीस वर्षे लागली.

ते शांतपणे म्हणाले, “साहेब, मला तेव्हाच माहीत होते.”

“कसे?”

“पाऊस होता ना. तुमच्या बुटांचे ओले ठसे पहिल्या थप्पीपाशीच संपले होते. आत एकही नव्हता.”

“मग चौकशीत बोलला का नाहीत?”

“साहेबांच्या सहीपुढे ठशांना कोण विचारतो? आणि ठसे तर सकाळपर्यंत वाळून गेले.”

रोखलेल्या वेतनवाढीचा हिशेब मी घरी करून नेला होता. पुढच्या वर्षांवर आणि निवृत्तिवेतनावर तिचा परिणाम धरून. पाकीट त्यांनी हाती घेतले नाही. त्यांच्या मुलाने मात्र वडिलांकडे एकदा पाहून तो कागद मागून घेतला आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. “बँकेला हे लेखी कळवाल का?” त्याने विचारले. “पैशांपेक्षा बाबांच्या नावावरचा तो शेरा गेला पाहिजे.”

ते पत्र मी गेल्या आठवड्यात पाठवले. बँकेने इतक्या जुन्या प्रकरणाचे काय करायचे ते बँक ठरवील. पत्राखाली सही करण्यापूर्वी मी ते पुन्हा वाचून काढले, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत.