यंत्रातली मींड

चरणजित सिंग यांनी १९८२ साली मुंबईत रोलँड कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रांवर दहा राग वाजवले. ती तबकडी फारशी खपली नाही. पुढे ॲसिड हाउस या परदेशी नृत्यसंगीताची पूर्वसूचना म्हणून तिला मान मिळाला. मला तो मान अपुरा वाटतो. त्या यंत्रांपैकी टीबी-३०३ हे बास गिटारच्या जागी वापरायला काढलेलं खोकं. पण त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती, आणि सिंग यांच्या मींड मुरलेल्या कानाने ती नेमकी हेरली. यंत्रात भाव कुठून येणार, असं कुणी म्हणेल. आकाशवाणीने हार्मोनियमलाही कैक वर्षं दार बंद ठेवलं होतं. आमच्या लोहारा गावाकडे मात्र पेटीवाचून भजनाला रंग चढत नाही. शिवाय पेटीतून मींड निघत नाही, ३०३मधून निघते. रागासाठी एखादं यंत्र परकं ठरवायचंच, तर आधी पेटीला ठरवावं लागेल.