पारा लहरी आहे काय?

इंग्रजी शब्दांना मराठी प्रतिशब्द देताना ज्या शब्दापाशी आम्ही वर्गात हटकून अडखळतो, तो म्हणजे 'मर्क्युरिअल'. चपळ, तल्लख, चंचल, लहरी असे त्याचे अर्थ एका रांगेत मांडता येतात. पण त्यांतील पहिले दोन ज्याच्या वाट्यास येतील त्याचा गौरव होतो आणि पुढले दोन ज्याला चिकटतील त्याची मान खाली जाते.

शब्दाचे कूळ मोठे आहे. मर्क्युरी हा रोमन लोकांचा व्यापाराचा, वक्तृत्वाचा, प्रवाशांचा आणि चोरांचाही देव. त्याचेच नाव पुढे बुध ग्रहाला आणि पाऱ्याला मिळाले. बुधाच्या छायेत जन्मलेला मनुष्य बोलका व बुद्धिमान निपजतो, ही युरोपातील ज्योतिष्यांची समजूत. आपले ज्योतिषीही बुधाकडे बुद्धी, वाणी आणि व्यापार हीच खाती सोपवितात. शेक्सपिअरने 'सिंबेलाइन' नाटकात हे विशेषण पायाला लावले आहे, ते चपळाईच्या अर्थाने. पुढे पाऱ्याची अस्थिरता शब्दात अधिकाधिक उतरली आणि घटकेत प्रसन्न, घटकेत रुष्ट होणारा, हा अर्थ पुढे सरसावला. तथापि जुना अर्थ अगदीच मावळला नाही. मंदबुद्धीच्या माणसाला मराठीत लहरी म्हणता येते. इंग्रजीत त्याला मर्क्युरिअल म्हटलेले शोभत नाही.

हा बारकावा आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत आलो, आणि त्यातच एकदा फसलो. पंधरा-वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचा एक विद्यार्थी एखाद्या आठवड्यात शेलीवर असे बोले की आम्हीच ऐकत राहावे; पुढल्या आठवड्यात तोच मागल्या बाकावर डोळे मिटून बसे. त्याने शिष्यवृत्तीसाठी शिफारसपत्र मागितले. आम्ही त्यात 'मर्क्युरिअल' हे विशेषण घातले आणि शब्द नेमका सापडला म्हणून मनाशी सुखावलो.

शिष्यवृत्ती मिळाली नाही. मुलाखतीत त्याला विचारण्यात आले होते, "तुम्ही लहरी आहात असे तुमचे प्राध्यापकच लिहितात, दोन वर्षे टिकाल कशावरून?" हे ऐकून आम्ही लगबगीने त्याला शब्दाचा जुना अर्थ सांगू लागलो. तो शांतपणे म्हणाला, "सर, दोन्ही अर्थ मला ठाऊक आहेत. आपल्या मनात कोणता होता?"

खरे सांगावयाचे तर दोन्ही होते. मागाहून कळले की त्याचे वडील अंथरुणाला खिळले होते आणि तो एका आठवड्याआड रात्रपाळी करीत असे. त्याच्या लहरीला वेळापत्रक होते. आम्ही ते कधी विचारले नव्हते.

तेव्हापासून पाऱ्याविषयी आमचे मत पालटले आहे. बोटांत न सापडणारा हा धातू खरोखर लहरी असता, तर १७१४ साली फॅरनहाइटने तापमापकासाठी त्याला निवडले नसते. उष्णता वाढेल तसा तो जवळजवळ सम प्रमाणात प्रसरण पावतो, म्हणून तर त्याच्यावर भरवसा. आता घरोघरी पाऱ्यावाचून चालणारे तापमापक आले, तरी रागावलेल्या माणसाचा 'पारा चढला' असे आपण म्हणतोच. पण पारा आपल्या मर्जीने चढत नाही. ताप दुसऱ्याच कोणाला असतो.

बुधाचेही तसेच. त्याची कक्षा न्यूटनच्या गणिताहून किंचित अधिक सरकते, हे लव्हेरिए याने १८५९ साली दाखविले. शतकाला अवघ्या ४३ विकलांचा हा फरक. पण त्याचा उलगडा आइन्स्टाइनने १९१५ साली करीपर्यंत विद्वान चकितच होते. बुध मात्र तेवढा सारा काळ ८८ दिवसांची आपली प्रदक्षिणा बिनचूक पुरी करीत होता. उणेपणा होता तो पाहणाऱ्यांच्या ज्ञानात.

जगात लहरी माणसे नाहीतच, असे आमचे म्हणणे नाही. आमच्या घरी विचाराल तर एकाचे नाव तत्काळ सांगण्यात येईल. परंतु हल्ली शिफारसपत्र लिहिताना हा शब्द लेखणीच्या टोकाशी आला की आम्ही लेखणी खाली ठेवतो, आणि विद्यार्थ्याला बोलावून आधी घरची हकीकत विचारतो.