फणसांब्यात नेमकं काय आहे?

आमच्या रत्नागिरीकडे जुन्या फणसाच्या खोडावर लाकडासारखी टणक बुरशी धरते, तिला फणसांबा म्हणतात. तान्ह्या बाळाची लाळ फार गळली, तोंड आलं, की तो सहाणेवर पाण्यात उगाळून हिरड्यांना लावायचा, ही घरोघरची रीत. पुणे विद्यापीठाचे जे. जी. वैद्य यांनी १९९३मध्ये लोकऔषधांतल्या बुरशींवर लिहिलं, तेव्हा या फणसांब्याचीही दखल घेतली होती. लग्नानंतर मी गुजरातेत कामरेजला आले, बाळंतपणात आईने तुकडा पाठवला, आणि तो हातात घेतल्यावर माझ्या मनात आलं, यात नेमकं आहे तरी काय?

जवळच्या एका कॉलेजात रसायन शिकवणारे सर मूळचे नंदुरबारचे. त्यांनी सुट्टीत प्रयोगशाळेत यायची परवानगी मिळवून दिली. माझं रसायन बारावीलाच सुटलेलं.

तुकडा मिक्सरला दाद देईना, शेवटी कानशीने घासला. तपकिरी-पिवळी पूड पडली. सरांनी तिच्यावर कॉस्टिक पोटॅशचा एक थेंब सोडला आणि तेवढा भाग क्षणात काळाकुट्ट झाला. "म्हणजे फेलिनसच्या कुळातला असणार," सर म्हणाले. मला वाटलं, ओळख पटली. ते म्हणाले, "ताई, हे नुसतं आडनाव कळलं. या कुळात जाती पुष्कळ, आणि रंग सगळ्यांचाच असा बदलतो."

पूड पाण्यात उकळून गाळली, आटवली. आता अर्काच्या चौपट अल्कोहोल घालायचं होतं. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे प्रयोगशाळेतलं अल्कोहोलही परवान्याचं, कुलपातलं. मापून घ्यायचं, वहीत लिहायचं, सही करायची. अल्कोहोल उसाच्या मळीतूनच निघतं, तरी चारी बाजूंना उसाचे मळे आणि साखर कारखाने असलेल्या या भागात मी त्या बाटलीकडे फार जपून पाहायला शिकले. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्यावर तळाशी मळकट पांढरे धागे साकळले होते. ही बहुशर्करा, यातच बुरशीच्या पेशीभित्तीतलं बीटा-ग्लुकान असायला हवं. मला केवढा आनंद झाला!

पुढे फिनॉल आणि तीव्र गंधकाम्ल. परीक्षानळी हाताला चटका बसेल इतकी तापली, आतलं पाणी नारिंगी झालं. रंगाची तीव्रता मोजणाऱ्या यंत्राने ४९० नॅनोमीटरला आकडा दिला. मी विचारलं, "बीटा-ग्लुकान एवढं का?" सर म्हणाले, "नाही. ही एकूण साखर. पुडीत तांदळाचं पीठ असतं तरी रंग असाच आला असता." बीटा-ग्लुकान मोजायचं तर वेगळी एन्झाइमं लागतात, ती महाग. आधी सगळं ग्लुकान मोजायचं, मग त्यातून स्टार्चसारखं आल्फा-ग्लुकान वजा करायचं.

दुसरा अर्क मिथेनॉलमध्ये केला, कारण फिनॉलयुक्त द्रव्यं पाण्यापेक्षा त्यात बरी उतरतात. डीपीपीएच नावाच्या रसायनाचं जांभळं द्रावण त्याने पिवळं पाडलं, म्हणजे ऑक्सिडीकरण रोखण्याचा गुण आहे. शेजारच्या नळीत सरांनी ग्रीन टी घातला होता. तोही पिवळा! मग या चाचणीवरून लाळ का थांबते ते कसं कळणार? नाहीच कळत. परीक्षानळीत रंग उडणं निराळं आणि बाळाच्या तोंडात गुण येणं निराळं. बाटलीवर मोठमोठे आकडे छापून मशरूमचे अर्क विकणाऱ्यांना आता मी एवढंच विचारते, जात कोणती, आणि मोजलं काय?

यातला पहिला प्रश्न मला माझ्याच तुकड्याबद्दल सोडवायचा आहे. फणसांबा म्हणून विकली जाणारी बुरशी दरवेळी एकाच जातीची असेल असं नाही. जात ठरल्याशिवाय मोजमाप व्यर्थ, हे मला मनापासून पटलंय. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, तिथे जात ओळखून मिळते. आईला सांगितलंय, या खेपेला सालीसकट काप, झाडाचा फोटो काढ, कागदी पिशवीत सुकव, आणि पिशवीवर गाव नि तारीख लिही.