गल्ली गप्प राहिली की

१
शेजारी फुटबॉल संघांतल्या मॅचला 'डर्बी' म्हणतात. कोल्हापुरात हा शब्द जुन्या माणसांच्या तोंडी नाही. 'पेठेची मॅच' म्हणतात. "आज पाटाकडील-शिवाजी हाय", म्हणजे मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ, एवढं म्हटलं की पुरतं. कोण दुकान लवकर ओढणार, कोण कामावरून लवकर सुटणार, हे त्यातच आलं.

२
संघांची नावं मोठ्यानं वाचून बघा. पाटाकडील तालीम. दिलबहार तालीम. बालगोपाल तालीम. खंडोबा तालीम. उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम. फुटबॉलच्या संघांना कुस्तीच्या तालमींची नावं. जुनी माणसं म्हणतात, म्हणून आमचा खेळाडू अंगावर जातो. मला ते पटतं.

३
कुस्तीचं खासबाग मैदान शाहू महाराजांनी बांधलं, १९१२ चं. तिथं लोक जोड बघायला जात. फुटबॉलच्या शाहू स्टेडियमवर पेठ बघायला जातात.

४
माझ्या आत्तीचं माहेर शिवाजी पेठ, सासर मंगळवार पेठ. दोन्ही घरांत चालत वीस मिनिटांचं अंतर. लग्न होऊन ती मंगळवार पेठेत आली आणि पेठेच्या मॅचच्या दिवशी तिची पंचाईत सुरू झाली. घरातले सगळे पुरुष स्टेडियमवर. ती स्वयंपाकघरात. स्टेडियमचा आवाज खिडकीतून सरळ आत यायचा.

गोल कुणी घातला ते तिला घरात बसून कळायचं. कसं, तर सासरच्या पेठेचा गोल झाला की आधी स्टेडियमवरून आरडा यायचा आणि लगेच गल्लीतून. घराघरांतून, माडीवरून, पानपट्टीवरून. दुसऱ्यांचा झाला तर आरडा नुसता स्टेडियमवरूनच. "गल्ली गप्प राहिली की समजायचं, माहेरानं गोल घातला." हे ती सांगते तेव्हा आवाज खाली घेते. लग्नाला पन्नास वर्षं झाली तरी खालीच घेते.

मग ती काय करायची? भाकरी थापत राहायची. एकदा सासऱ्यांनी विचारलं, "सूनबाई, आज भाकरी लई फुगल्यात?"

५
स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात दोन क्लबांची मैदानं एकाच रस्त्यावर, हाकेच्या अंतरावर आहेत. तिथल्या स्वयंपाकघरांत काय ऐकू येत असेल?

६
लिव्हरपूलचं भांडण भाड्याचं. ॲनफिल्ड मैदानावर आधी एव्हर्टन हा संघ खेळायचा. १८९२ साली जागेच्या भाड्यावरून मालकाशी बिनसलं, एव्हर्टन उठून शेजारच्या बागेच्या पलीकडं गेलं. मैदान मोकळं राहिलं. मालकानं नवा संघ काढला: लिव्हरपूल.

७
एक तात्या आहेत. सत्तरी ओलांडलेली. चाळीस-पंचेचाळीस हंगाम एकाच कठड्याजवळ बसून बघितलेले. मी विचारलं, तात्या, तुम्ही बघितलेला सगळ्यात भारी गोल कुठला? मला वाटलं, आपल्या पेठेचा एखादा सांगतील.

तात्या उठून उभे राहिले. खुर्ची बाजूला सारली. "कॉर्नर आला. असा. त्यांचा फॉरवर्ड डीच्या बाहेर. बॉल खाली पडूच दिला नाही बघ त्यानं. हवेतच. आमचा गोलकीपर हालला पण न्हाई." सत्तरीतल्या माणसानं पाय उचलून दाखवला, धोतराचा सोगा सावरत.

"त्यांचा?"

"त्यांचाच की."

"मग तुम्ही काय केलं?"

"टाळी वाजवली. शेजारच्यानं माझ्याकडं असं बघितलं. त्या दिवसापास्नं तो माझ्या शेजारी बसत न्हवता."

थोडा वेळ गप्प बसून म्हणाले, "वारला गेल्या साली. त्याच्या मातीला गेलो हुतो मी."

८
कोल्हापूरच्या स्पर्धा: चंद्रकांत चषक, सतेज चषक, अटल चषक, महापौर चषक. लोकांना विचारलं तर चषकाचं नाव आठवत नाही. "ती नाही का, टायब्रेकरवर घालवली ती" असं आठवतं.

९
कलकत्ता. मोहन बागान १८८९ चं, ईस्ट बंगाल १९२० चं. मोहन बागान म्हणजे पश्चिम बंगालमधली मूळची माणसं, घोटी. ईस्ट बंगाल म्हणजे पूर्वेकडून आलेली, बांगाल. फाळणीनंतर घरदार मागं टाकून जे आले, त्यांना या संघानं नाव दिलं, झेंडा दिला. ईस्ट बंगाल जिंकलं की घरी हिल्सा मासा, मोहन बागान जिंकलं की कोळंबी. जिंकल्यावर चुलीवर काय चढायचं, तेही त्या शहरात ठरून गेलं आहे.

१०
३० सप्टेंबर १९७५. आयएफए शील्डचा अंतिम सामना. ईस्ट बंगाल ५, मोहन बागान ०. त्या रात्री मोहन बागानच्या एका तरुण समर्थकानं जीव दिला. पुढच्या जन्मी मोहन बागानचा खेळाडू होऊन याची भरपाई करीन, असं त्यानं लिहून ठेवल्याचं सांगतात.

२५ ऑक्टोबर २००९. मोहन बागान ५, ईस्ट बंगाल ३. चिडी एडे या एकट्या नायजेरियन खेळाडूचे चार गोल. चौतीस वर्षं 'पाच' हा आकडा ज्यांनी ऐकून घेतला, त्यांना त्या दिवशी आधी कोण आठवलं असेल, हे मला विचारावं लागत नाही.

११
१३ जुलै १९९७, कलकत्त्याचं सॉल्ट लेक स्टेडियम, फेडरेशन कपची उपांत्य फेरी. नोंदलेले प्रेक्षक १,३१,७८१. बायचुंग भुतियाची हॅटट्रिक, मोहन बागानविरुद्ध ईस्ट बंगाल ४-१. एका बाजूला प्रशिक्षक पी. के. बॅनर्जी, दुसऱ्या बाजूला अमल दत्त. एक लाख एकतीस हजार माणसं. एवढी माणसं एका जागी आली तर कोल्हापुरात कुठं बसवायची, हा हिशेब मी लहानपणी करायचो. पंचगंगा घाटापर्यंत रांग न्यावी लागायची.

१२
कोल्हापूरच्या संघांत गेली काही वर्षं आफ्रिकेतले खेळाडू येतात. हंगामभर पेठेत राहतात. पोरं त्यांच्यामागून हिंडतात. एका घरातल्या काकू एकाला रोज जेवायला वाढायच्या. तो मोडक्या मराठीत "पांढरा रस्सा" म्हणायचा, तांबड्याला हात लावायचा नाही. पेठेच्या मॅचमध्ये त्यानं गोल घातला आणि त्याला खांद्यावर घेऊन गल्लीत आणलं. काकूंनी ओवाळलं.

हे मला आवडतं. तरीही पेठेच्या मॅचला पेठेचीच पोरं जास्त खेळावीत, असं माझं मत आहे. बाकावर बसलेल्या पोराची आई त्याच गल्लीत राहते.

१३
गांधी मैदान पावसाळ्यात तळं होतं. पाणी ओसरलं की चिखलातच पोरं उतरतात. एका अंगाला शिवाजी पेठेतली, दुसऱ्या अंगाला कुठलीही. तिथं अजून पेठ ठरलेली नसते. दहाव्या-अकराव्या वर्षी ठरते.

१४
ज्या मॅचमध्ये दगडफेक झाली ती मॅच. मी प्रेक्षकांत होतो, दुसऱ्या बाजूच्या पायऱ्यांवर. कुठले संघ होते ते लिहीत नाही. पहिला दगड कुणी मारला ते दोन्हीकडचे आजही दोन तऱ्हांनी सांगतात. पोलिस आत आले, लोक पळाले. माझ्यापुढं एक म्हातारा आणि त्याचा नातू होता. म्हाताऱ्यानं पोराला शर्टाच्या आत घेतलं, अक्षरशः आत, आणि खाली बसला. वरून लोक गेले. दोघंही वाचले.

तो सामना किती-किती होता, हे मी आजवर अनेकांना विचारलं. एकालाही आठवत नाही. दगड मारणाऱ्यानं लक्षात घ्यावं, त्यानं आपल्याच पेठेचा गोल पुसला.

१५
१६ ऑगस्ट १९८०. ईडन गार्डन्स, मोहन बागान-ईस्ट बंगाल. प्रेक्षकांत मारामारी, चेंगराचेंगरी. सोळा प्रेक्षक गेले. दरवर्षी त्या तारखेला कलकत्त्यात रक्तदान होतं. रक्ताच्या पिशवीवर गट लिहितात, क्लब लिहीत नाहीत.

१६
एप्रिल १९८९, हिल्सबरो मैदान. चेंगराचेंगरीत लिव्हरपूलचे ९७ समर्थक गेले, शेवटचा कित्येक वर्षांनी, त्याच दुखापतींनी. त्या आठवड्यात एव्हर्टनच्या मैदानापासून लिव्हरपूलच्या मैदानापर्यंत, मधल्या बागेतून, निळ्या आणि तांबड्या मफलरी एकमेकींना गाठ मारून लावल्या. पुढच्या महिन्यात एफए कपचा अंतिम सामना याच दोघांत झाला. लिव्हरपूल ३-२.

१७
गोव्यात धेंपो आणि साळगावकर, दोन्ही संघ खाणवाल्या घराण्यांचे. धेंपोनं राष्ट्रीय लीग पाच वेळा जिंकली. २०१६ साली धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा तिघंही आय-लीगमधून बाहेर पडले. फातोर्ड्याच्या मैदानाला त्या पातळीवरची ती लढत पुन्हा दिसली नाही. शेजारी दगडानं संपत नाही. संपला तर असा, एका निर्णयानं.

१८
अर्जेंटिनातलं आवेयानेदा. रेसिंग आणि इंडिपेंडिएंटे यांची मैदानं काहीशे मीटरवर. १९६७ साली रेसिंग जगज्जेते झाले तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांच्या मैदानात सात काळी मांजरं पुरली, अशी कथा. रेसिंगला पुढची देशाची लीग २००१ मध्ये मिळाली. तिथले लोक ही कथा खरी धरतात. आमच्याकडं गोलपोस्टजवळ लिंबू सापडलं तर गोलकीपर ते पायानं नाही, हातानं उचलून बाहेर टाकतो.

१९
विश्वचषक आला की कोल्हापूर पुन्हा कापलं जातं. ब्राझील आणि अर्जेंटिना. या वाटणीत पेठा बघत नाहीत. एकाच गल्लीत समोरासमोर दोन झेंडे. महिनाभर शिवाजी पेठेतला अर्जेंटिनावाला मंगळवार पेठेतल्या अर्जेंटिनावाल्याबरोबर रात्री दोनपर्यंत जागतो. विश्वचषक संपतो. हंगाम सुरू होतो. पुन्हा आपापल्या पायऱ्यांवर.

२०
६ ऑक्टोबर २०१७, दिल्ली. सतरा वर्षांखालचा विश्वचषक, भारत-अमेरिका. भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव. भारत ०-३ हरला. आमच्या गल्लीत त्या दिवशी कुणीही विचारलं नाही, हा कुठल्या पेठेचा.

२१
१८ ऑगस्ट २०२४. कलकत्त्यात ड्युरँड कपची डर्बी सुरक्षेचं कारण देऊन रद्द झाली. शहरात एका तरुण डॉक्टरवर रुग्णालयात बलात्कार होऊन तिची हत्या झाली होती, लोक रस्त्यावर होते. सामना नव्हता तरी दोन्ही संघांचे समर्थक सॉल्ट लेकच्या बाहेर जमले. न्याय मागत. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. एक फोटो सगळीकडं फिरला: एका क्लबच्या जर्सीतल्या माणसाच्या खांद्यावर दुसऱ्या क्लबच्या जर्सीतला माणूस.

शंभर वर्षांत इतक्या डर्बी झाल्या. मला न झालेली ही एक सगळ्यात मोठी वाटते.

२२
परवा आत्तीकडं गेलो होतो. मॅच होती. तिला आता कमी ऐकू येतं. मोबाईलवर सामना चालू होता, नातवानं तिच्यापुढं धरला होता. ती म्हणाली, "बंद कर ते. खिडकी उघड."

२३
निकाल वर्तमानपत्रात येतो: पूर्वार्धात कोण, उत्तरार्धात कोण, कितव्या मिनिटाला. तात्यांनी पाय उचलून दाखवलेला तो हवेतला गोल कुठंच छापलेला नाही. मी वर्षही विचारायला विसरलो होतो. पुन्हा गेलो तेव्हा तात्या दवाखान्यात होते. वर्ष त्यांना सांगता आलं नाही. त्या फॉरवर्डचं नाव मात्र सांगितलं, घरच्या नावानं, जसं दुसऱ्या पेठेतही त्याला हाक मारत असतील तसं.

तुमच्या घरात, गल्लीत पेठेची मॅच बघितलेलं जुनं माणूस असेल तर या हंगामात त्याच्याजवळ बसा. गोल कुठल्या बाजूच्या जाळीत गेला, कुणी घातला, शेजारी कोण बसलं होतं, घरी गेल्यावर काय शिजलं, सगळं वहीत उतरवून घ्या. आणि मग दुसऱ्या पेठेत जा, तिथल्या माणसाकडूनही त्याच मॅचचं लिहून आणा.