पाठमोरी सीट

आमच्या गावात, म्हणजे जॉर्जियातल्या पीचट्री सिटीत, गोल्फची काठी कधी हातात न धरलेल्यांकडेही गोल्फ कार्ट असते. झाडीतून गेलेल्या शंभर मैलांहून जास्त डांबरी वाटा आहेत इथे. त्यावरून लोक कार्टनेच किराणा आणतात, हायस्कूलची मुलं कार्ट चालवत शाळेत जातात. सुरुवातीला मला याचं फार हसू यायचं. मग आम्हीही एक जुनी कार्ट घेतली. असो.

अडचण एकच होती. कार्ट दोघांची आणि आम्ही चौघं. त्यात बाबा सहा महिन्यांसाठी आलेले, म्हणजे पाच. मागे गोल्फच्या बॅगा ठेवायच्या जागी उलट्या तोंडाची सीट बसवता येते. तयार किट मिळतं, पण किंमत बघून वाटलं, एवढ्याशा बाकड्याला एवढे पैसे? आपणच करू की!

शनिवार-रविवार खपून केलीसुद्धा. लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, वर प्लाय, जुन्या सोफ्यातला फोम, त्यावर काळं रेक्झिन. दिसायला झकास! बाबा फिरून आले, सीटला हाताने एक हिसका दिला आणि म्हणाले, "हे कशाला धरलंय?"

"बॉडीला."

"आणि बॉडी कशाला धरून आहे?"

बाबांची सगळी नोकरी दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये बसच्या बॉड्या बांधण्यात गेली. पण मला राग आला. दोन दिवस राबल्यावर आधी "छान झालंय" तरी म्हणायचं ना! मी म्हटलं, "बाबा, ही काही एसटी नाही. पोरंच बसणार आहेत." ते गप्प बसले. इथे आल्यापासून ते तसेही गप्पच असायचे. गाडी चालवता येत नाही, शेजाऱ्यांचं इंग्रजी कळत नाही, दुरुस्त करायला घरात काही नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन्ही मुलांना मागे बसवलं आणि निघाले. निघाले कसली, पेडल दाबलं आणि मागून किंकाळी आली. धाकटी खाली गवतात.

गुडघा आणि तळहात सोलवटला, एवढ्यावर निभावलं. वेग आलाच नव्हता. पण माझे हात रात्रीपर्यंत थरथरत होते. सीट करताना मी विचार केला होता तो ब्रेकचा. पाठमोरं बसलेल्याला ब्रेकची भीती फारशी नसते, ब्रेक लागला की तो पाठीवर रेलतो. त्याला भीती गाडी सुटण्याची. गाडी बुडाखालून निघून जाते आणि समोर असते नुसती हवा. त्यात बॅटरीवरची कार्ट, उभ्या जागेवरून झटक्यात उचलते.

"मी सांगितलं होतं" हे वाक्य बाबा बोलले नाहीत. सकाळी फक्त म्हणाले, "चल, तू बस मागे." आणि स्वतः स्टिअरिंगवर बसले. ड्राइव्हवेमध्ये त्यांनी पेडल दाबलं मात्र, मी सरकत कडेला आले आणि दोन्ही हात हवेत काहीतरी शोधायला लागले.

"हात कुठे गेले बघ. दांडी तिथे पाहिजे."

मग दोन आठवडे गॅरेजचं वर्कशॉप झालं. बाबांनी कॅलेंडरच्या मागे चित्र काढलं. आधी बॅटरीची तार सोडवली, भोक पाडायच्या आधी खाली वाकून ब्रेकची केबल आणि वायरी कुठून जातात ते पाहिलं. लाकडाऐवजी चौकोनी लोखंडी पाइप, आणि तो बॉडीला नाही, थेट खालच्या चेसीला, जाड वॉशर आणि न सुटणारे नायलॉक नट घालून. बैठकीला मागे किंचित उतार, पाय ठेवायच्या फळीला कड, दोन्ही बाजूंना दांड्या. कमरेचे पट्टे प्लायला नाही, लोखंडाला. मागच्या चाकांच्याही मागे वजन येणार म्हणून स्प्रिंगचे पाटे बदलून दणकट घातले. मी पाना धरायची, बाबा "अजून अर्धा आटा" म्हणायचे. त्या दोन आठवड्यांत ते जेवढं बोलले तेवढं माझ्या लहानपणीही बोलले नसतील.

शेवटी त्यांनी सायकलची एक घंटी मागच्या दांडीला बसवली. म्हणाले, "कंडक्टरने डबल बेल दिल्याशिवाय ड्रायव्हरने गाडी हलवायची नाही."

धाकटीला त्यानंतर पुढे माझ्या शेजारीच बसवलं. मागे मोठा आणि बाबा, नवरा सायकलवर. तळ्याकाठी जाताना बाबा मागे पाहत बसायचे आणि भेटेल त्याला हात करायचे. लोकही हात करायचे. त्याला इंग्रजी लागत नाही.

बाबा पुण्याला परत गेले त्याला बरेच दिवस झाले. परवा मोठ्याचा एक मित्र मागे बसला होता. मी थांबून राहिले. त्याला कळेना गाडी का निघत नाही. मोठ्याने त्याचा पट्टा ओढून पाहिला, आणि घंटी दोनदा वाजवली. मग मी पेडलवर पाय ठेवला.