गव्हाच्या देशात बिनगव्हाचे बारा दिवस

इटलीला जायचे ठरले तेव्हा आमच्या इमारतीतल्या एकाही माणसाने "वा!" म्हटले नाही. ज्याने त्याने एकच प्रश्न विचारला, "अहो, पण पोरीच्या खाण्याचे काय?"

प्रश्न रास्त होता. आमच्या कन्येला गहू चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही असे नव्हे. तिला सीलिअॅक नावाचा आजार आहे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणीक चिवट होते, पुरणपोळी लाटताना ताणली तरी फाटत नाही, ती त्याचीच करामत. पण हे ग्लुटेन पोटात गेले की या मुलीचे शरीर स्वतःच्याच आतड्याच्या अस्तरावर हल्ला चढवते. मग खाल्लेले अंगी लागत नाही. यावर औषध नाही, आहे ते पथ्य, आणि तेही जन्मभराचे. २०२२ साली, ती नऊ वर्षांची असताना, उंची वाढेना आणि चेहरा पांढुरका दिसू लागला म्हणून केलेल्या तपासण्यांत हे निष्पन्न झाले.

माझ्यातला मास्तर लगेच पुस्तके चाळू लागला. आजाराचे नाव 'पोट' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे आणि त्याची लक्षणे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या एका ग्रीक वैद्याने लिहून ठेवली आहेत. पण गुन्हेगार सापडायला विसावे शतक उजाडावे लागले. विलेम डिके नावाच्या डच बालवैद्याचा गव्हावर आधीपासूनच संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धामुळे हॉलंडमध्ये दुष्काळ पडला आणि पाव मिळेनासा झाला, तेव्हा बाकीचे लोक उपासमारीने खंगत असताना ही आजारी मुले मात्र सुधारू लागली! पाव परत आला, आणि त्यांचे दुखणेही परत आले. १९५० साली डिके यांनी आपल्या प्रबंधात हे शास्त्रशुद्ध रीतीने मांडले.

हे सारे मी आईला मोठ्या विद्वत्तेने समजावून सांगितले. तवा वेगळा हवा, पोळपाट वेगळा हवा, पोळीचा हात भाकरीला लागता कामा नये. आई शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे सोवळंच की रे! मग एवढं भाषण कशाला?" ज्या सोवळ्याची मी जन्मभर थट्टा केली, त्याच शब्दाने माझ्या तासाभराच्या व्याख्यानाचे काम क्षणात केले.

तर २०२४ च्या मे महिन्यात आम्ही निघालो. सौ.चे काही दिवसांचे काम मिलानला होते, त्याला जोडून बाराएक दिवसांची भटकंती. आईने एक अख्खी बॅग फराळाने भरली. राजगिऱ्याचे लाडू, ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा, भाकरीचे पीठ आणि डबाभर मेतकूट. मेतकुटात मूठभर गहू घालण्याची रीत आहे. आईने तोही आठवणीने वगळला होता. शिवाय खोलीत भात करायला विजेवरचा चिमुकला कुकर. म्हटले, शत्रूच्या मुलखात जायचे तर शिबंदी हवी.

मिलानच्या पहिल्याच संध्याकाळी एका खाणावळीत शिरलो. इटालियनमध्ये लिहून आणलेली चिठ्ठी मी पुढे केली. वाढप्याने ती वाचण्याआधीच मुलीकडे बघून एक शब्द उच्चारला, "चेलियाका?" तिने मान डोलावली. त्यासरशी त्याने पावाची टोपली उचलून नेली, टेबल पुसले, आणि केशर घातलेला पिवळाधमक भात, ज्याला तिकडे रिसोत्तो म्हणतात, तो तिच्यापुढे ठेवला. पोर खूश. मी मात्र साशंक. ज्या देशात माणसे दोन्ही वेळा गहू खातात, तिथे हा बिनगव्हाचा कारभार किती खरा?

दुसऱ्या दिवशी रात्री तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. सौ. रात्रभर तिच्या उशाशी बसून होती. "तरी मी म्हणत होते, बाहेरचं नको," एवढेच ती म्हणाली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्या खाणावळीत जाऊन थडकलो. मनात भांडणाची पूर्ण तयारी. पण तो गृहस्थ रागावला नाही. मला सरळ मुदपाकखान्यात घेऊन गेला. वेगळे पातेले, वेगळा डाव, तांदळाची पिशवी, रश्श्याच्या पाकिटावर छापलेले 'सेन्त्सा ग्लूतिने' हे शब्द, सारे दाखवले. मग म्हणाला, "बाकी काय काय खाल्लं तिनं?"

त्यानेच कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचा रस्ता दाखवला. इटलीत ग्लुटेनमुक्त पाव, शेवया, बिस्किटे औषधांच्या दुकानांतूनही मिळतात, आणि रुग्णांना त्यासाठी सरकारकडून दरमहा ठराविक मदत असते. दुकानातल्या बाईंनी कागद घेतला आणि दोन दिवसांत पोटात गेलेल्या प्रत्येक पदार्थाची यादी केली. मी चटचट उत्तरे देत होतो. घरच्या डब्यांपाशी आलो तेव्हा तर छाती पुढे काढूनच सांगितले, "हे माझ्या आईनं केलेलं आहे."

"हो, पण त्यात काय काय आहे?"

"तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, मेथ्या, हळद, हिंग."

"हिंग म्हणजे?"

एका झाडाचा वाळवलेला चीक, असे मी सांगितले. त्यांनी पेन्सिल थांबवली. "नुसता चीकच की आणखी काही?"

मला उत्तर येईना. मी पुण्याला फोन लावला. तिकडे दुपारचे तीन वाजले होते. आईने चष्मा लावला, मांडणीवरची हिंगाची डबी काढली आणि बारीक अक्षरे लावू लागली, "खाद्य डिंक... गव्हाचं पीठ..." आणि आवाज थांबला.

बराच वेळ फोनवर काहीच ऐकू येईना. मग ती म्हणाली, "अरे, मीच घातलं की रे तिच्या पोटात."

खरे तर ती डबी मीच आणलेली होती. शुद्ध हिंग फार उग्र, म्हणून त्यात पीठ आणि डिंक मिसळून तो विकतात. काही ठिकाणी हे पीठ तांदळाचे असते, पुष्कळ ठिकाणी गव्हाचे. डबीवर ते स्पष्ट छापलेले होते. वीस वर्षे मी मुलांना शब्दन् शब्द वाचायला शिकवतो आहे, आणि घरातल्या डबीवरचे दोन शब्द मी वाचले नव्हते. मिलानच्या त्या दुखण्याला हिंगच कारणीभूत झाला, असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण मला आठवण झाली ती दुसऱ्याच गोष्टीची. दोन वर्षे पथ्य करूनही तिच्या रक्ताचा अहवाल हवा तसा सुधारत नव्हता. डॉक्टरांनी विचारले होते, "पथ्य नीट पाळता ना?" आणि आम्ही रागावून घरी आलो होतो.

दोन दिवसांनी पोर उठून बसली आणि आम्ही जेनोआची गाडी धरली. मिलान मागे पडले आणि सौ. एकदम उद्गारली, "अहो, हे बघा!" दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेली भातखाचरे, त्यांत उतरलेले आभाळ, बांधावर पांढरे बगळे. कोकणात उतरल्यासारखे वाटले. हा देश केवळ गव्हाचा नव्हे, हे तेव्हा कळले. उत्तरेकडे भात आहे, मक्याची पोलेंता आहे, आणि जेनोआत तर हरभऱ्याच्या पिठाची फारिनाता आहे. पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचे तेल तांब्याच्या मोठ्या परातीत ओतून भट्टीत भाजतात. थेट आपल्या बेसनाच्या पोळ्याची सख्खी बहीण!

पहिल्याच दुकानात मी हात पुढे केला. लेकीने मात्र आधी विचारले, "सोनो चेलियाका." दुकानदाराने परातीकडे पाहिले, भट्टीकडे पाहिले आणि मान हलवली. त्याच भट्टीत तो गव्हाच्या पिठाचे पदार्थही भाजत होता. "हिला नका देऊ," असे खुणेने सांगून त्याने मला पैसे परत खिशात ठेवायला लावले.

त्या क्षणी मला आमच्या नात्यातले एक लग्न आठवले. "एका घासानं काय होतंय? माझ्या हातचं आहे!" असे म्हणत जिलबी घेऊन पोरीच्या मागे लागलेल्या मावश्या, आणि ताटावर आडवा हात धरून रडकुंडीला आलेली ती. मायेच्या माणसांनी आग्रह केला होता. या परक्याने नाही म्हटले. दोघांपैकी तिची काळजी कोणी घेतली?

हे शहाणपण तिकडे आभाळातून पडलेले नाही. इटलीत २००५ साली या रुग्णांसाठी कायदा झाला. शाळा आणि इस्पितळांच्या भोजनगृहांतही त्यांना त्यांचे अन्न मिळाले पाहिजे असे त्यात आहे. २०२३ साली मुलांमधला हा आजार लवकर ओळखण्यासाठी देशभर तपासणी करण्याचा कायदाही झाला. खाचखळगे तिथेही आहेत. सूपमधला फार्रो हा गव्हाचाच भाऊबंद, कॉफीसारखा दिसणारा ओर्झो जवाचा, आणि आइस्क्रीम कोनात नव्हे तर कपात घ्यायचे, तेही धुतलेल्या चमच्याने. एका स्टेशनवर तर तिने निव्वळ केळ्यांवर दिवस काढला. पण विचारायला लाज वाटून घ्यायची नाही, हे ती बारा दिवसांत शिकली.

रोमला शेवटच्या रात्री तिच्यापुढे तांदूळ-मक्याच्या शेवयांची वाफाळती ताटली आली. दिसायला आमच्या ताटल्यांसारखीच. वाढदिवसाच्या घरी स्वतःचा डबा उघडून कोपऱ्यात बसणारी ही मुलगी. तिने ताटली चाटूनपुसून संपवली आणि हळूच विचारले, "बाबा, मी परत मागू?"

सौ.ने तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहिले.

घरी आल्यावर आम्ही हिंग बदलला. त्या डिसेंबरात रक्ताचा अहवाल पहिल्यांदा मर्यादेत आला. आता वाणसामान आणायला आई स्वतः जाते. दुकानात उभी राहून चष्मा लावते आणि प्रत्येक पाकीट उलटून वाचते. मागे रांग लागली तरी तिची हरकत नसते.

यंदाच्या दिवाळीतही आमच्याकडे फराळाला या. अनारसे आहेत, बेसनाचे लाडू आहेत, तांदळाच्या पिठातल्या हिंगाची चकली आहे. मात्र ताट पुढे करण्याआधी आई तुम्हांला एक प्रश्न विचारील. तुमची मुलेमाणसे, नोकरी, गाव यांची चौकशी नंतर. आधी ती विचारील, "तुम्हांला काय चालत नाही?"