शरीर मागाहून येते

पूर्वी माणूस प्रवासाला निघाला की त्याचे शरीरही त्याच्याबरोबरच मुक्कामी पोहोचत असे. वाक्य विचित्र वाटेल, पण ते खरे आहे. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. त्या दोन महिन्यांत त्यांना हाल काही कमी सोसावे लागले नाहीत. परंतु एक त्रास त्यांच्या वाट्याला आला नाही. बोट रोज थोडी पुढे सरके, सूर्य रोज किंचित उशिरा उगवे आणि त्या संथ गतीने शरीरही नव्या वेळेला रुळत जाई. आज अमेरिकेत विमानात बसलेला माणूस दिवस-दीड दिवसात भंडाऱ्याला येतो. तो येतो, त्याची बॅग येते. त्याची झोप, भूक आणि पचन मात्र आठ-दहा दिवस मागे राहतात. याला इंग्रजीवरून आपणही ‘जेट लॅग’ म्हणू लागलो आहोत.

हा विषय मी पुस्तकातून नव्हे, तर आमच्या घरात शिकले. माझे मामा न्यू जर्सीत नोकरीला आहेत. २०२२ च्या डिसेंबरात ते १२ दिवसांच्या रजेवर पवनीजवळच्या आमच्या आजोळी आले. आजोबा त्या पावसाळ्यात आजारी पडून खंगले होते. ‘एकदा पोराला पाहू द्या,’ एवढेच त्यांचे म्हणणे होते. धानाची मळणी आटोपली होती, बांधीत लाखोरी हिरवी झाली होती आणि सारे गाव मामांची वाट पाहत होते.

पहिल्याच दिवशी दुपारी लोक भेटायला आले आणि मामा बसल्या बसल्या पेंगू लागले. आजी ताट वाढून बसली, तर त्यांना घास गिळवेना. “अमेरिकेत राहून माणसं विसरला,” असे कोणीतरी अंगणातून जाताना बोललेही. आपल्याकडे दुपारचा एक वाजतो तेव्हा न्यू जर्सीत हिवाळ्यात पहाटेचे अडीच वाजलेले असतात. पहाटे अडीचला झोपेतून उठवून आपल्यासमोर कोणी वरण-भात ठेवला तर आपण काय करू? पण हे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण माणूस तर समोर बसलेला दिसतो!

मी कला शाखेची विद्यार्थिनी. तरीही कुतूहल वाटले म्हणून थोडे वाचले. १७२९ साली द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूसारखे एक झाड अंधाऱ्या जागी ठेवून पाहिले. उजेड नसतानाही त्याची पाने दिवसाच्या वेळी उघडत आणि रात्रीच्या वेळी मिटत. म्हणजे वेळ झाडाच्या आतच होती. माणसाच्या मेंदूतही असे घड्याळ आहे आणि ते, आपण धानवाल्यांनी लक्षात ठेवावे असे, तांदळाच्या दाण्याएवढे आहे. पेशींच्या आत हे घड्याळ कसे चालते, याचा उलगडा फळमाशीवरील संशोधनातून झाला. त्यासाठी हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे घड्याळ रोज लावून देतो तो सूर्य. डोळ्यांवर पडणारा उजेड त्याला दिवस झाल्याचे कळवतो. पण ते हट्टी आहे. साधारणपणे दिवसाकाठी एखादा तास सरकते, अधिक नाही. साडेदहा तासांचे अंतर तुटायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे मामांचे शरीर भंडाऱ्याला पोहोचते न पोहोचते तोच त्यांची परत जाण्याची वेळ! शिवाय यकृताचे, आतड्यांचेही आपापले ठोके असतात आणि ते सारे एकाच चालीने सरकत नाहीत. म्हणून झोप जागेवर आली तरी भूक रुसलेली राहते. हिवाळ्यात हिमालय ओलांडून आपल्या पूर्व विदर्भातील तलावांवर पाहुणे पक्षी उतरतात. त्यांचा प्रवास मोठा असला तरी तो मुख्यतः उत्तरेकडून दक्षिणेकडे असतो, त्यामुळे सूर्योदयाची वेळ फारशी बदलत नाही. आपला गोंधळ होतो तो पूर्व-पश्चिम प्रवासाने.

मग उपाय काय? मामांनी केले ते साधेच होते. दिवसा खोलीत पडून न राहता शेतावर, उन्हात फिरणे. दुपारी अगदीच डोळे मिटू लागले तर अर्ध्या तासाची डुलकी, अधिक नाही. जेवण गावाच्या वेळेला. भूक नसली तर दोन घास, पण त्याच वेळेला. तिसऱ्या प्रहरानंतर चहा बंद. रात्री झोप नसली तरी दिवा आणि मोबाईल दूर. विमानातली हवा फार कोरडी असते आणि तासन्‌तास पाय लोंबकळत राहिल्याने रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. म्हणून वाटेत पाणी प्यावे, मद्य टाळावे, अधूनमधून उठून चालावे. आता आपल्या भागातले वडीलधारेही मुलांकडे परदेशी जाऊ लागले आहेत. साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या कोणत्या वेळी घ्यायच्या, हे त्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे आणि गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. झोपेच्या गोळ्या मात्र कोणी सांगितल्या म्हणून घेऊ नयेत.

हे सारे करूनही पहिल्या चार-पाच रात्री मामा दोन-अडीचला टक्क जागे होत. आणि त्या घरात त्या वेळी आणखी एक माणूस जागा असे. म्हातारपणी शरीराचे घड्याळ लवकर वाजू लागते. त्यात आजोबांना जन्मभराची सवय, रात्री उठून धानाला पाणी बांधायला जाण्याची.

“काहून रे, झोप नाही येत?”

“नाही बाबा.”

“मग ये इकडं. शेकोटी पेटव.”

मी आतल्या खोलीत अंथरुणातून ऐकत असे. दिवसभर पाहुण्यांच्या गर्दीत बापलेकांना चार शब्द बोलायला सवड नसे; रात्री ती मिळे. कोणत्या बांधीचा धुरा कोणत्या साली फुटला, शिक्षणासाठी कोणाकडून किती पैसे उसने आणले, सारे निघे. एका रात्री मामांनी विचारले की पहिल्यांदा परदेशी निघालो तेव्हा तुम्ही नागपूरला विमानतळावर का आला नाहीत. आजोबा बराच वेळ काड्या मोडून विस्तवात टाकत राहिले. मग म्हणाले, “आलो असतो तर जाऊ देल्लं नसतं तुले.”

सातव्या-आठव्या दिवसापासून मामांना रात्रीची झोप लागू लागली. आईला हायसे वाटले. आजोबा मात्र पहाटे एकटेच शेकोटीशी बसू लागले; ‘झोपू द्या त्याला,’ असे आम्हालाच बजावत. पुढच्या चैत्रात ते गेले. मामांना येता आले नाही.

वाचकहो, आज भंडारा जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतला एखादा मुलगा वा मुलगी समुद्रापलीकडे आहे. उद्या आपल्यापैकीही कोणी जाईल. जाणाऱ्याने रजा मागताना शरीराचे हे दिवस हिशेबात धरावेत, जमल्यास चार दिवस जास्त मागावेत. आणि घरी असणाऱ्यांनी आलेल्या माणसाला पहिले दोन-तीन दिवस पाहुण्यांपासून जरा वाचवावे, त्याच्या पेंगण्याचा राग मानू नये. रात्री तो उठून बसलेला दिसला, तर ‘झोप आता’ म्हणून दटावू नये. घरात जे म्हातारे माणूस जागे असेल, त्याच्याजवळ त्याला बसू द्यावे.